नाक्यावरची अडलेली बाई

सत्य हाच परिचारिकेचा पहिला धर्म होय. हे वाक्य मी आयुष्यात एकदाच मोठ्यानं म्हटलं, तेही हातात पेटती मेणबत्ती धरून. प्रशिक्षण संपल्यावर आम्हा मुलींना पांढऱ्या टोप्या घालून एका ओळीत उभं केलं होतं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं. त्यामुळं शपथेपर्यंत मेणबत्त्या निम्म्या झाल्या होत्या आणि मेण बोटांवर उतरत होतं. ‘रुग्णाशी, रुग्णाच्या आप्तांशी आणि जनतेशी मी कधीही असत्य भाषण करणार नाही,’ असं आम्ही डोळ्यांत पाणी आणून म्हणालो. ते पाणी पाहून पाहुण्यांनाही गहिवरून आलं. ते चटक्यांमुळं आलंय हे त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. शपथ तोवर लागू झाली होती.

पुढं माझी नेमणूक उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात झाली. जिल्ह्याला लोक तेव्हाही धाराशिवच म्हणायचे. पाटीवर काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाचं धरलं तर त्या दवाखान्यानं चार सरकारं पाहिली होती, पण रोग्यांचं रजिस्टर पहिल्याच सरकारचं होतं. त्याचे रकाने उर्दूत छापलेले. डॉक्टरसाहेब जुन्या हैदराबादी नोकरीतले, त्यांना ते वाचता यायचे. मी रकान्याच्या रुंदीवरून ओळखायची. रुंद तो रोगाचा, अरुंद तो वयाचा.

त्या उन्हाळ्यात कॉलरा आला. वरच्या कचेरीच्या परिपत्रकात लिहिलं होतं की, हा नव्या जातीचा कॉलरा असून तो समुद्रापलीकडून देशोदेशी फिरत इथवर आला आहे. एवढा प्रवास करून तो नेमका आमच्या तालुक्यात उतरला, याचं कचेरीला थोडं कौतुकच वाटत असावं. आमच्याकडं कुणी त्याला पटकी म्हणायचं, कुणी हैजा. औषध मात्र सगळ्यांना एकच, सलाइन. ते काचेच्या बाटल्यांतून यायचं आणि त्या बाटल्या बैलगाडीतून खेड्यात न्यायच्या नाहीत, असा डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता. आधी एकदा नेल्या होत्या. चारातली एक पोचली, तीही मानेपाशी तडकलेली.

“सिस्टर, बाटली मरीजकडं जात नाही,” ते म्हणायचे, “मरीज बाटलीकडं येतो.”

वाक्य छान होतं. अडचण मरीज येण्याच्या रस्त्यात होती.

आमच्या दवाखान्याकडं येणारा गाडीरस्ता नदीकाठच्या एका गावातून जायचा. दुसरा रस्ता नव्हता. त्या गावच्या सरपंचांनी साथ प्रतिबंधक समिती स्थापन केली होती आणि समितीचे अध्यक्ष ते स्वतःच झाले होते. समितीनं ठराव केला, वेशीवर दोरी बांधली, दोरीला लिंबाचा पाला लटकवला आणि एक फळा लावला: ‘या गावात कॉलरा नाही. कॉलरा असलेल्यांनी येऊ नये.’ शिवाय मरीआईचा गाडाही वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडला. ठराव सरकारला दाखवायला होता, गाडा खरोखरच्या उपयोगासाठी.

त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्या गावात एक काम केलं होतं. वेशीजवळ एक आड होता. पाणी गोड, पण शेजारच्या उकिरड्याचा झिरपा त्यात उतरायचा. मी मागं लागून त्यावर लाकडी झाकण बसवलं आणि झाकणाला कुलूप लावून घेतलं. किल्ली सरपंचांकडं. कुलूप लावतानाही त्यांनी भाषण केलं होतं.

मग तो दिवस आला. ईट गावाच्या पलीकडच्या एका वाडीवर मी लस टोचायला गेले होते; जाताना गाडीत रोगी नव्हता म्हणून वेशीवर सोडलं होतं. सकाळीच एक सासू धावत आली. तिच्या सुनेला पहाटेपासून उलट्या-जुलाब होते. मी जाऊन बघेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती आणि नाडी शोधावी लागत होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. दुपारपर्यंत सलाइन मिळालं तर जगणार होती, नाही तर नाही. यात मत मांडायला जागा नव्हती.

दवाखान्याच्या कामाला एक बैलगाडी लावलेली होती. गाडीवान पांढऱ्या दाढीचे, त्यांना सगळे चाचाच म्हणायचे. आम्ही गाडीत जाड कडबा पसरला, वर राख टाकली, पोरीला वाकळेत गुंडाळून आडवं केलं आणि निघालो. एका बाजूला मी, एका बाजूला सासू. सासू सबंध वाट नवस बोलत होती. पाचव्या देवापर्यंत मी लक्ष ठेवलं.

नदी दिसायला लागली तेव्हा चाचा म्हणाले, “नर्सबाई, फुडं नाका हाय. जवान पोरं काठ्या घेऊन बसल्यात. खरं सांगशीला तर गाडी वापस.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“आता म्या काय सांगू? म्या पाच वक्ताचा नमाजी. तुमी शिकलेल्या.”

दोरीपाशी गाडी थांबली. चार तरणी पोरं होती. त्यांतलं मोठं पुढं आलं.

“कोण हाय गाडीत?”

“माझी रोगी आहे.”

“कशाची रोगी? बोर्ड वाचला का न्हाय?”

बोर्ड वाचला होता. शपथही आठवत होती. पोरीचं मनगट माझ्या हातात होतं, आणि नाडी पुन्हा शोधावी लागत होती.

“अडलेली बाई आहे,” मी म्हणाले. “पहिलटकरीण. मूल येत नाही.”

मी हे बोलले आणि सासू माझ्याकडं बघतच राहिली. पण क्षणभरच. मग तिनं कपाळावर हात मारला आणि गळा काढला, “आडलं गं माय माझ्या सुनंचं लेकरू! सोडा रं बाबांनो वाट!” तिला खोटं बोलायला मेणबत्ती लागली नाही.

मला वाटलं होतं, पोरं दोरी खाली करतील आणि आम्ही पुढं जाऊ. मी शहरात शिकलेली. खेड्यात अडलेली बाई आली म्हणजे काय होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि पुस्तकात त्या बाबतीत काहीच नव्हतं.

बाई अडली की आसपास काही बंद ठेवायचं नाही, अशी रीत. गाठी सोडायच्या, कुलपं काढायची, पेट्यांची झाकणं उघडी टाकायची, बायकांनी केस मोकळे सोडायचे. बाहेरचं सगळं सुटलं की पोटातलंही सुटतं. पोरांनी दोरी नुसती खाली केली नाही, तिच्या सगळ्या गाठी सोडल्या. लिंबाचा पाला रस्त्यावर पडला. एक जण ओरडत गावात पळाला. आमची गाडी वेशीतून आत येईपर्यंत घराघरातून कड्याकुलपांचे आवाज यायला लागले. कुणी दाव्याची गुरं सोडली. मास्तरांनी शाळा उघडली. ज्या गावानं दोन आठवडे एक रोगी आत येऊ दिला नव्हता, ते गाव पाच मिनिटांत सताड उघडं पडलं.

आणि केस मोकळे सोडलेल्या बायका गाडीभोवती जमल्या. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात तेलाची वाटी.

“चार घोट पाणी तर पाजू द्या तिला.”

“कंबर चोळू द्या, बाई. हे घ्या तेल.”

“हात लावू नका,” मी म्हणाले. “सुई दिलीय. हात लावायचा नाही.” हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि गावची सुईण आली. साठीची, बारीक, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. सगळ्या गावानं तिच्याच हातात पहिला श्वास घेतलेला, त्यामुळं तिला कुणी अडवायचं नाही. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत ती गाडीत चढली आणि तिनं वाकळेखाली हात घालून पोरीच्या पोटावर ठेवला.

पोट पाठीला लागलं होतं. तिथं काही नव्हतं, कधी नव्हतंही.

सुईणीनं माझ्याकडं पाहिलं. मी कडब्याकडं पाहिलं.

“कवापासून?” तिनं अगदी हळू विचारलं.

“पहाटेपासून.”

“उलट्या बी?”

“हो.”

ती पोट दाबल्यासारखं करत राहिली. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “लेकरू आडवं आलंय. हितं न्हाय व्हायचं. लांब सरका समद्या, वारा येऊ द्या. दवाखान्यातच जाऊ द्या गाडी.”

बायका मागं सरल्या. ती खाली उतरली तेव्हा मी माझ्या डब्यातली ब्लिचिंग पावडर तिच्या हातावर टाकली आणि वर पाणी ओतलं. “कोपरापर्यंत धुवा, मावशी. नीट.”

“धुते की,” ती म्हणाली. “खोटं लई चिकट असतंय.”

गाडी हलली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात आडापाशी सरपंच दिसले. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, हातात किल्ली. ते आडाचं कुलूप काढत होते. सगळी कुलपं काढायची म्हणजे सगळी. ते मातृत्वाच्या महतीबद्दल चार शब्दही बोलले असावेत, कारण आजूबाजूचे लोक माना खाली घालून उभे होते. कुलूप निघालं, झाकण बाजूला झालं, आणि दोन बायकांनी लगेच पोहरा सोडला. महिनाभर त्यांना नदीवरून पाणी आणावं लागत होतं.

मला ओरडता आलं असतं. ‘आड उघडू नका.’ पण मग का म्हणून विचारलं असतं. अडलेल्या बाईसाठी कुलूप काढू नका, असं कुठली नर्स सांगेल? खरं कारण सांगावं तर गाडी अजून गावातच होती आणि काठ्या पोरांच्या हातातच होत्या. मी तोंड उघडलं नाही. त्या गावात त्या वेळी तेवढी एकच वस्तू बंद राहिली.

पोरगी वाचली. तिसऱ्या बाटलीनंतर तिनं डोळे उघडले आणि सासूला विचारलं, “म्हशीला पाणी दावलं का?” सासू तेव्हा खरी रडली. नाक्यावर जास्त चांगली रडली होती.

संध्याकाळी मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“झूठ बोललात?”

“हो.”

“रजिस्टरमध्ये?”

“नाही. तिथं कॉलराच लिहिलंय.”

“मग ठीक आहे. सरकारला रजिस्टर दिसतं.”

मला ते ठीक वाटत नव्हतं. चाचांनी त्यात भर घातली. बैल सोडता सोडता ते म्हणाले, “बाळंत झाल्याची खबर येईपर्यंत कुलपं लावत न्हाईत, नर्सबाई. तवर समदं खुलंच ऱ्हातंय.” म्हणजे आड उघडाच राहणार होता. गाव बातमीची वाट बघत होतं आणि ती बातमी कुठल्याच दवाखान्यात जन्माला येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लिचिंग पावडर, सुया आणि लस घेऊन परत गेले. खरं सांगायचं, असं ठरवून. रस्त्यात वाक्य चार वेळा जुळवलं. त्या गावची दोरी अजून सुटलेलीच होती. मोकळी गुरं कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत शिरली होती आणि त्यावरून दोन भाऊबंद भांडत होते. बायकांचे केस मोकळेच. मी चावडीपुढं उभी राहिले तशा त्या धावत आल्या.

“काय झालं? ल्योक का लेक?”

“बाई बरी आहे,” मी म्हणाले. “पण ती अडलेली नव्हतीच. तिला कॉलरा झालाय. मी काल तुमच्याशी खोटं बोलले. मूल-बिल काही नव्हतं.”

 मग एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला.

“गेलं व्हय लेकरू?”

“आजी, लेकरू नव्हतंच.”

“असंच म्हणावं लागतंय, माय. नव्हतंच म्हणायचं आन् काळजावर धोंडा ठिवायचा.”

“अहो, खरंच सांगतेय मी. कॉलरा—”

“आमचं मन राखायला किती बोलती बघा बिचारी,” दुसरी म्हणाली, आणि सगळ्याच रडायला लागल्या. मी आयुष्यात बोललेलं ते सगळ्यात मोठं सत्य, आणि त्या सत्याबद्दल बायका माझ्याच पाठीवरून हात फिरवत होत्या.

सरपंच आले. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, तुमचं असेल तसं असेल. पण या गावात कॉलरा नाही. तसा समितीचा ठराव आहे. एकमतानं झालाय.”

“ठराव कॉलऱ्याला वाचून दावला का?” मागून सुईणीनं विचारलं.

तिनंच मग पुढं येऊन बाही वर केली. “टोचा. लेकरू गेल्यावर गावाला सुई घ्यावी लागती, न्हाय का हो बाई?” मी सुई भरली. बायका रांगेनं उभ्या राहिल्या. जन्माला न आलेल्या लेकरासाठी त्या दिवशी त्या गावानं जेवढ्या सुया घेतल्या, तेवढ्या माझ्या भाषणांसाठी सहा महिन्यांत घेतल्या नव्हत्या. आडात मी पावडर टाकली. बातमी आली म्हणून कुलूपही परत लागलं. पण आदल्या दिवसापासून अर्धं गाव त्याच पाण्यावर होतं.

सरपंचांनी सुई घेतली नाही. समितीच्या अध्यक्षानं सुई घेतली तर गावात रोग आहे असा अर्थ निघतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी निघताना बायकांनी गाडीत एक गाठोडं ठेवलं. बाळंतविडा. रात्रीतून शिवलेली जाड कुंची, टोपडं, दुपटी, खारका, डिंक. “त्या बाईला द्या. फुडल्या खेपंला कामाला येईल.”

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चाचांची गाडी दवाखान्यापुढं थांबली. गाडीत सुईण होती आणि तिच्याशेजारी हिरव्या लुगड्यात तोंडापर्यंत गुंडाळलेलं कुणी तरी कण्हत होतं.

“आडलेली बाई हाय,” सुईण म्हणाली. तिचा चेहरा हलला नाही.

मी पदर बाजूला केला. आत सरपंच होते.

गावात रोग आल्याचं गावाला कळू नये म्हणून त्यांनीच हा बेत काढला होता. सुईणीनं लुगडं आपलं दिलं होतं आणि त्यांना शेतातून शिवेबाहेर नेऊन चाचांच्या गाडीत घातलं होतं. त्यांच्याच वेशीवर, त्यांनीच नेमलेल्या पोरांनी विचारलं, आणि सुईणीनं सांगितलं, पलीकडच्या वाडीची बाई हाय. पोरांनी लगेच गाठी सोडल्या. गावानं पुन्हा कुलपं काढली.

“आडाचं?” मी विचारलं.

“त्याची किल्ली ह्यांच्याच कमरंला,” सुईण म्हणाली. “तेवढं एक वाचलं.”

सलाइन लागलं. चार वाजेपर्यंत सरपंचांना बोलण्याइतपत ताकद आली आणि त्यांनी ती लगेच वापरली.

“बाई, रजिस्टरात काय लिहिलं?”

“कॉलरा.”

“दुसरं काही नाही का लिहिता येणार? गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.”

“येईल,” मी म्हणाले. “नाक्यावर जे सांगून आलात ते लिहू का?”

ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्या आठवड्यात त्या गावात तिघांना लागण झाली, सरपंच धरून. तिघंही वाचले. लागण आडामुळं झाली की माझ्यामुळं, असं मी बरेच दिवस मनात विचारत असे. नंतर लक्षात आलं की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एका पोरीच्या जिवासाठी मी एका गावाचा आड उघडला होता, आणि गावाला न विचारता. तिघांतलं एक जरी गेलं असतं तर हे सगळं मी लिहिलं नसतं. पोरगी मात्र वाचलीच असती. हा हिशेब मी अजून कुणाला सोडवायला दिलेला नाही. शपथ देणाऱ्यांना तर नाहीच.

सरपंच बरे होऊन घरी निघाले तेव्हा चाचांबरोबर गावातून दुसरा बाळंतविडा आला. पलीकडच्या वाडीच्या त्या दुसऱ्या अडलेल्या बाईसाठी. सरपंचांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्याकडं दिला.

“दवाखान्याला देणगी म्हणून लिहा,” ते म्हणाले. “समितीतर्फे.”

खारका आणि डिंक आम्ही वॉर्डात वाटून टाकला. कुंच्या राहिल्या. त्या चांगल्या जाड होत्या, आतून जुन्या धोतराचे चार-चार पदर. एक दिवस मी सहज सलाइनची एक बाटली कुंचीत घालून पाहिली. मग चाचांना गाडी जोडायला सांगून तीच बाटली मांडीवर घेऊन खडकाळ रस्त्यानं दोन कोस जाऊन आले. डॉक्टरसाहेबांनी बाटली उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिली आणि आपला हुकूम मागं घेतला. त्यानंतर मरीज बाटलीकडं यायची गरज राहिली नाही. वाडीवस्तीवर बाटलीच जाऊ लागली आणि मला नाक्यावर खोटं बोलायची पाळी आली नाही. मांडीवर कुंची दिसली की पोरं काही न विचारता दोरी सोडायची. मीही काही सांगायची नाही.

कुंचीत एक बाटली बरोबर बसते. कुंचीचे बंद बुचाच्या खाली आवळायचे.